भाडेकरूला काय लागतं

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून लिहायला घेतलंय, कारण बोलायची सोय उरलेली नाही. आईला ऐकू येत नाही. हिला ऐकू येतं, पण ती ऐकत नाही. आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन केला की, "साइटवर आहे, नंतर करतो." नंतर कुणी करत नाही.

उभं आयुष्य मी लिफ्ट तपासत काढलं. दोर, ब्रेक, दारं, आणि इमारतीतल्या लोकांची रडगाणी. डिसेंबरात निवृत्त झालो. फंडाचे पैसे आले ते बँकेत लोळतायत आणि मी सोफ्यावर. दोघंही रोज थोडे थोडे झिजतोय.

तर ठरवलंय असं. एक छोटं घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं. आपल्या ऐपतीत चांगल्या वस्तीत काही मिळणार नाही, म्हणजे स्वस्त वस्ती शोधायची. पण वस्ती स्वस्त असते त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण भाडेकरूला चालेल की नाही, इथेच सगळी गोम आहे. घर रिकामं पडून राहिलं तर ते आपल्यालाच पोसावं लागतं. एकदा चुकलो की दुसरा डाव नाही.

हिचेही साठवलेले पैसे यात घालावे लागणार. शाळेच्या पुस्तकांत पानं, फुलं, मुळं काढायचं काम करते ही, त्याचे. विचारलं, "घालू ना?" म्हणाली, "घाला." एवढंच. माणसाने जरा तरी उत्साह दाखवावा की नाही!

५ फेब्रुवारी

आज घरातली दोन कामं हातावेगळी केली. आतल्या खोल्यांच्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. आई ऐंशीच्या पुढची. कडी लावून आत पडली तर दार फोडत बसायचं का? ही म्हणाली, "आपल्या खोलीची कशाला काढलीत?" म्हटलं, सगळ्या दारांना एकच नियम हवा. लिफ्टमध्येही तसंच असतं. मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले. संध्याकाळभर तिला मीठ सापडत नव्हतं. सवय होईल.

तिचा चित्राचा बोर्ड जेवणाच्या टेबलावर असतो. चहा आला की उचल, जेवण आलं की उचल, आईची औषधं मांडायची की उचल. मी म्हटलं, चाकं लावून देतो बोर्डाला, ढकलला की झालं. "नको," म्हणाली. चांगली कल्पना सुचवली की या घरात पहिलं उत्तर हे.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं घर पाहिलं, नदीपलीकडे. एजंट दर वाक्याला "काळजी नको" म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच काळजीनको ठेवलंय.

"इथे पूल येतोय, साहेब. आला की भाव दुप्पट."

"कधी येतोय?"

"काळजी नको."

इमारत चकचकीत. पण मी लिफ्टमध्ये शिरलो आणि बटणं पाहिली. इमारतीचं खरं खोटं बटणांवर कळतं. ज्या मजल्यावर माणसं राहतात त्याचं बटण झिजलेलं असतं. इथे अर्ध्या बटणांवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा निघालेला नव्हता. विकली गेलेली घरं, राहायला कुणी नाही. आपल्यासारख्याच शहाण्यांनी भाड्याने द्यायला घेतलेली, आणि आता सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत!

मला तिथे एक युक्ती सुचली. हिला म्हटलं, "मी मालक, तू भाडेकरू. घर बघायला आलीयेस. बोल." लिफ्ट चालू करण्याआधी आम्ही तालीम घ्यायचो, तशीच ही. भाडेकरू काय विचारेल ते आधीच कळलं म्हणजे कुठे घ्यायचं तेही कळेल.

"इश्श, काहीतरीच काय! एजंट बघतोय."

"बघू दे. बोल."

"घर छान आहे."

"अगं, भाडेकरू कधी छान म्हणतो का? खोड काढ, खोड!"

तिने खूप वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला सुचत नाही." जन्मात कधी खोड काढली नाही तिने, सुचणार कसं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कारखान्यामागची वस्ती. स्वस्त आहे, भाडेकरूही मिळतात, पण एका खोलीत सहा सहा जण राहतात आणि दर हंगामाला बदलतात. दरवेळी रंग काढा, नळ बदला. शिवाय वास. काळजीनको म्हणाला, वाऱ्याची दिशा बदलली की जातो.

तालीम घेतलीच. मी घसा खाकरून विचारलं, "बोला बाई, तुम्हाला काय काय लागतं?"

आज ती लाजली नाही. विचार करून म्हणाली, "एक टेबल लागेल. जिथून मला सारखं उठावं लागणार नाही असं."

"टेबल भाडेकरूने आणायचं. मालक देत नसतो."

"आणीन मी. पण ठेवायला जागा हवी. आणि ठेवलं की ते तिथेच राहायला हवं."

"वा! शिकलीस की," म्हटलं.

नंतर ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडी सरकवल्याचा आवाज आला. मी बाहेर उभा. जरा वेळाने टकटक केलं. "आले हं," म्हणाली, पण आली नाही. काळजीनको आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "घट्ट बसते का कडी?"

"छान बसते," म्हणाली.

माझ्यासोबत राहून तिलाही तपासणीची नजर आलीय. बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

पाय एका जागी ठरत नाहीत. सकाळी कुठल्या तरी बसथांब्यावर उभा राहतो आणि किती माणसं पिशव्या घेऊन उतरतात ते बघतो. पिशवी घेऊन उतरणारा तिथे राहतो, रिकाम्या हाताने उतरणारा नुसता कामाला येतो. असं करत करत आज चार वस्त्या झाल्या. घरी आलो तरी डोकं चालूच. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. गॅसची नळी तपासली, हिच्या पेन्सिली टोकदार करून ठेवल्या. त्यातल्या काही मुद्दाम बोथट ठेवलेल्या होत्या म्हणे. मला काय स्वप्न पडलं होतं?

आई टीव्हीच्या आवाजाच्याही वर ओरडली, "अरे भुतासारखा काय फिरतोस! बस की एका जागी!"

बसून काय करू, हे तिनेही सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! हॉस्पिटलजवळ. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, पण भाडेकरू हवा खायला थोडाच येतो. नर्सेस रांग लावून आहेत. एक गेली की दुसरी हजर, घर आठवडाभरही रिकामं राहणार नाही. महाग आहे, आपल्या पैशांची अगदी वरची कड गाठतं. पण बिनघोर.

आजची तालीम तर अशी रंगली की काळजीनकोने टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या.

"मालक, एक किल्ली तुमच्याकडे राहणार का?"

"अर्थात, बाई. मालकाकडे एक असतेच."

"मग तुम्ही न सांगता आत येणार?"

"छे छे, आधी कळवेन."

"आणि आल्यावर माझ्या वस्तू हलवणार नाही ना? डबे वगैरे?"

"तुमच्या डब्यांना मी कशाला हात लावू?"

"असं लिहून द्याल?"

"देईन की!"

ती हसली. इतकी मोकळी हसली की मीही हसायला लागलो. किती दिवसांनी हसली असेल, देव जाणे. काळजीनको म्हणाला, "साहेब, बाईंना नाटकात घाला." घरी येताना मी तिला म्हटलंसुद्धा, तू एवढी बोलतेस हे मला ठाऊकच नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

२ मार्च, रविवार

हॉस्पिटलजवळचं जवळपास ठरलंय. तरी काळजीनको म्हणाला आणखी एक बघून टाका, म्हणून गेलो. डेपोमागची बोळवजा गल्ली, पुढे रस्ताच संपतो. दुकानं नाहीत. एक छापखाना होता तो बंद पडला. भल्या पहाटे बसगाड्या घुरघुरायला लागतात. पूल येणार नाही, रस्ता येणार नाही, काही म्हणता काही येणार नाही. म्हणून स्वस्त. अगदी मातीमोल म्हणावं असं.

पण लिफ्ट! जुनी, जाळीच्या दाराची. कुणीतरी नेमाने तेल घालतंय. आणि बटणं सगळी सारखी झिजलेली. म्हणजे या इमारतीत माणसं येतात ती राहतात, लगेच उठून जात नाहीत.

घर तिसऱ्या मजल्यावर. आत गेल्यावर मी तालमीसाठी घसा खाकरला, पण ही माझ्याआधीच खिडकीशी गेली होती. मोठी खिडकी आहे. खाली डेपोची कौलं, वर नुसतं आभाळ.

"उजेड उत्तरेचा आहे," ती म्हणाली.

"मग?"

"दिवसभर सारखा राहतो. सावली हलत नाही."

"अगं, भाडेकरूला उत्तर-दक्षिण काय करायचीय?"

"असते एखादीला हवी."

मग तिने हात पसरून भिंत मोजली. आतलं दार लावून पाहिलं. मी म्हटलं, चला, उशीर होतोय. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येतेच." काळजीनको आणि मी खाली येऊन उभे राहिलो. ती सावकाश आली, जिन्याने.

९ मार्च, रविवार

भांडण. आमच्यात भांडण होत नाही, म्हणजे मी बोलतो आणि ती गप्प बसते. आज दोघं बोललो.

"डेपोमागचं घेऊ या."

"डोकं फिरलंय का? तिथे कुत्रं फिरकत नाही!"

"पैसे माझेही आहेत ना?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. आवाज चढवून नाही, अगदी भाजी चिरता चिरता.

"भाडेकरू कुठून आणणार?"

"मिळेल. मी शब्द देते."

"तू कोण शब्द देणारी? तुझ्या खिशात आहे का भाडेकरू?"

"आहे असंच समजा."

बहुतेक पुस्तकांच्या कामातली कुणी मैत्रीण असेल तिच्या डोळ्यासमोर. विचारलं तर सांगेना.

१४ मार्च

हॉस्पिटलजवळच्या इमारतीत पुन्हा जाऊन आलो, एकटाच. तीनपैकी दोन लिफ्ट बंद. तिसरीत मी स्वतः अडकलो. मी! बाहेरच्या पोराला आतून शिकवत होतो, दार कसं सोडवायचं. अशा इमारतीत पैसे घालणं म्हणजे खड्डा पाहून उडी मारणं.

घरी येऊन सांगितलं, डेपोमागचं घेऊ. हे मी लिफ्ट पाहून ठरवलंय, भांडणामुळे नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "बरं." पण जेवताना तिने दोनदा वाढून घेतलं.

२१ मार्च

व्यवहार झाला, किल्ल्या मिळाल्या. जीव भांड्यात पडला. ही खिडकीच्या काचा पुसत होती, मी नळ बदलला. मध्येच गाणं गुणगुणत होती. मी म्हटलं, "भाडेकरूसाठी एवढं घासायची गरज नाही." म्हणाली, "असू दे. तिला बरं वाटेल."

तिला? म्हणजे बाईच आहे तर कुणीतरी.

३० मार्च, रविवार

डाळ शिजत नाहीये. एक जोडपं आलं, त्यांना दोन खोल्या हव्यात. डेपोतलाच एक ड्रायव्हर आला, जागा आवडली, मग खाली बस सुरू झाल्याचा आवाज ऐकून म्हणाला, "दिवसभर हाच आवाज, आणि घरीही हाच? नको, काका." एक कॉलेजातला मुलगा आला, त्याला मीच नको म्हटलं, त्याने लिफ्टचं दार लाथेने लावलं.

झोप उडालीय. घर पोसायला लागलोच की. काळजीनको फोन उचलत नाही. माझाच जीव टांगणीला, ही मात्र आपली मुळांना तंतू काढत बसलीय. शेवटी बोलून टाकलंच:

"तू शब्द दिला होतास."

"दिलाय ना. आठवण आहे मला."

६ एप्रिल, रविवार

लिहिणार नव्हतो, तरी लिहितो.

जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं, पण बोर्ड मांडला नाही. समोर बसली आणि म्हणाली, "तालीम करू या का?"

मी खूश. म्हटलं, चला, रस वाटायला लागला. "बोला बाई, काय करता आपण?"

"चित्रं काढते. एकटीच राहणार. आवाज नाही, गोंधळ नाही, भाडं वेळेवर देईन."

"उत्तम. अशीच भाडेकरू हवी. कधीपासून हवंय?"

"एक तारखेपासून."

"किती दिवसांसाठी?"

"ते अजून ठरवलेलं नाही."

"असं कसं बाई, करारात लिहावं लागतं," मी अगदी रंगात येऊन म्हटलं. तिचे डोळे भरले होते. म्हटलं, अगं, अभिनय पुरे आता, अंगावर काटा आणशील.

"तालीम संपली, अहो," ती म्हणाली. "मला खरंच हवंय ते घर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मग मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. लोक काय म्हणतील, हे बोललो. आईला कोण बघणार, हेही. शेवटी ओरडलो, "काय कमी आहे तुला या घरात? कधी सांगितलंस का तोंडाने?"

ती म्हणाली, "प्रत्येक घरात विचारलंत तुम्ही. प्रत्येक घरात सांगितलं मी."

टीव्ही बंद होता. केव्हा बंद झाला, माझ्या लक्षात आलं नाही. आई आपल्या खुर्चीतून म्हणाली, "जाऊ दे तिला. मीसुद्धा गेले असते."

म्हणजे आईला सगळं ऐकू येतं.

१२ एप्रिल

भाड्याच्या करारावर सही करणार नाही म्हणून सांगितलं होतं. आठवडाभर बोललो नाही. तीही काही बोलली नाही, आणि तिला ते जड जात नाहीये, याचाच राग येतो. मी गप्प बसलो की घरात काहीतरी अडायला हवं ना? काही अडलं नाही. उलट चित्रं जास्त झाली.

आज हत्यारांच्या पेटीतून कड्या शोधून काढल्या. त्यातली एक आमच्या खोलीच्या दाराला परत बसवली. तेल घातलं. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, म्हणून नवी पाडली. तिला बोलावून दाखवली, दोनतीनदा सरकवून.

तिने कडीवरून बोट फिरवलं. "छान बसवलीत," म्हणाली. आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. काही घड्या बॅगेत, काही कपाटात.

मला वाटलं होतं, बॅग रिकामी करेल.

३० एप्रिल

सही केली. करारात तिचंच एक कलम आहे: मालक आदल्या दिवशी कळवल्याशिवाय येणार नाही आणि आतल्या वस्तू हलवणार नाही. मी तसं कबूल केलं होतं, काळजीनको साक्षीला होता. भाडं ती देणार म्हणजे देणारच. म्हटलं, अर्धं घर तुझंच आहे, वेडे. म्हणाली, "मग अर्धंच देते. पण देते." आईच्या औषधांची वेळ सांगितली. मीठ कुठल्या डब्यात तेही. रोज सकाळी फोन करणार आहे.

रागाने जातेय असं वाटत नाही. रागाने गेली असती तर समजूत तरी काढता आली असती.

६ मे

टेबल दिवसभर रिकामं असतं. आई आणि मी एका टोकाला जेवतो. आज दुपारी मी चहाचा कप उगाचच दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, जिथे बोर्ड असायचा.

आईला विचारलं, "तुला काय लागतं गं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय. मग म्हणाली, "वरण जरा पातळ." आजपर्यंत घट्टच करत होतो आम्ही.

१७ मे

मेसेज केला: "उद्या पाच वाजता नळ बघायला येऊ का? गळत असेल."

उत्तर आलं: "नळ ठीक आहे. चहाला या."

१८ मे, रविवार

चार वाजल्यापासून डेपोशी घुटमळत होतो. किल्ली खिशात होती. लिफ्टने वर गेलो, तीनचं बटण दाबलं. दाराशी उभा राहिलो आणि बेल वाजवली. स्वतःच्या बायकोच्या दारावर बेल वाजवायची वेळ येते कुठल्या माणसावर!

"कोण?" आतून आवाज आला.

एवढं सोपं उत्तर, पण येईना. शेवटी "मी" म्हटलं. कडी निघाली.

खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर बोर्ड, बोर्डावर अर्धवट पान. डबे कसेही, उंच-ठेंगणे एकत्र. लहान डबा मागे गेलेला, झाकणं एकमेकांची. माझे हात पाठीमागे होते, तिथेच ठेवले. ती जरा जाड झालीय. की मीच तिला नीट पाहिलं नव्हतं?

तिने खुर्ची ओढून दिली. एकच खुर्ची आहे, म्हणून ती स्वतः स्टुलावर बसली. आणि अगदी मी विचारायचो तसं, पण चेष्टा न करता, म्हणाली, "बोला. तुम्हाला काय लागतं?"

मला वाटलं, चहा की कॉफी विचारतेय. पण ती वाट बघत होती. मी तोंड उघडलं. आईचं, घराचं, कडीचं, काय काय घेऊन आलो होतो बोलायला, वाटेत सगळी जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीच मला लागणारं नव्हतं. मला काय लागतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. पण मीच कधी थांबून बघितलं नव्हतं.

"बसू दे थोडा वेळ," मी म्हणालो.

"बसा," ती म्हणाली, आणि पेन्सिल घेतली. बोथट होती.

मी बसलो. खाली बसगाड्या आत येत होत्या, बाहेर जात होत्या. सावली खरंच हलली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा ती उठली, आणि तेव्हा कुठे मीही उठलो. नळ बघायचा राहूनच गेला.